बाखचा देव आणि आपले कान

१९६८ साली, सोव्हिएत सत्तेखालच्या एस्टोनियात, तालिन शहरी आर्वो पार्ट या तरुण संगीतकाराची ‘क्रेदो’ ही रचना सादर झाली. तिच्या गाभ्याशी योहान सेबास्टियन बाखचे एक छोटेसे प्रील्यूड आहे. सी मेजरमधले हे प्रील्यूड पियानो शिकणारी मुले पहिल्या काही वर्षांतच वाजवू लागतात. पार्ट यांच्या रचनेत ते कर्कश गोंगाटात फुटून जाते आणि शेवटी पुन्हा शांतपणे उभे राहते. त्या प्रील्यूडला सोव्हिएत सत्तेची कधीच हरकत नव्हती. उलट बाखच्या मृत्यूला दोनशे वर्षे झाली तेव्हा, १९५० मध्ये, सोव्हिएत संगीतकार शोस्ताकोविच लायपझिगच्या बाख-सोहळ्याला गेला होता आणि परतल्यावर त्याने बाखच्याच धर्तीवर चोवीस प्रील्यूड आणि फ्यूग लिहिले. पार्ट यांची रचना अडली ती तिच्यातल्या लॅटिन शब्दांवर, येशू ख्रिस्तावरच्या विश्वासाची कबुली देणाऱ्या शब्दांवर. रचनेवर बंदी आली. सूर सुटले, शब्द पकडले गेले.

या घटनेत एक जुना प्रश्न आहे. भक्ताने आपल्या देवासाठी रचलेले संगीत त्या देवाला न मानणाऱ्याला भिडते, तेव्हा त्याच्यापर्यंत नेमके काय पोचते? दोन उत्तरे तयारच असतात. पहिले नास्तिकाच्या सोयीचे: पोचते ते निव्वळ सौंदर्य, देव हा त्या काळच्या कलावंताचा पोशाख होता, तो उतरवून ठेवला तरी संगीताचे काही बिघडत नाही. दुसरे आस्तिकाच्या सोयीचे: पोचतो तो देवच, ऐकणाऱ्याला ते कबूल करायचे नसते इतकेच. मला ही दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात. दोन्ही श्रद्धेला एक मत समजतात, मान्य करायचे किंवा नाकारायचे एक विधान. बाखच्या संगीताकडे नीट पाहिले तर श्रद्धा तिथे मताच्या रूपात फारशी हाती लागत नाही. ती हाती लागते एका कृतीत, आणि त्या कृतीला मराठीत फार चांगला शब्द आहे: अवधान. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानेश्वर श्रोत्यांकडे आधी मागतात ते हेच. माझे म्हणणे असे की बाखच्या संगीतातून आपल्याकडे येते ते हे अवधान. ते मिळायला बाखचा देव मान्य असावा लागत नाही. मात्र बाखच्या देवाकडे पाठ फिरवूनही ते पुरते मिळत नाही.

बाख ज्या काळाचा, त्याला बरोक म्हणतात; तो साधारण १६०० ते १७५० चा. हे नाव त्या काळाने स्वतः घेतलेले नाही. ओबडधोबड मोत्यासाठी असलेल्या पोर्तुगीज शब्दावरून ते आले असे मानले जाते आणि आरंभी ते नाके मुरडतच वापरले गेले. नंतरच्या पिढीला या कलेत अलंकार फार आणि गुंतागुंत त्याहून फार वाटली. जुन्या गोव्यातले बॉम जेझुसचे चर्च ज्यांनी पाहिले आहे, त्यांनी या युगाची पहाट दगडात पाहिली आहे. १५९४ मध्ये सुरू झालेल्या त्या वास्तूचा अभिषेक १६०५ मध्ये झाला. दोनच वर्षांनी इटलीतल्या मांतुआ येथे मोंतेवेर्दीचा ‘ऑर्फेओ’ हा ऑपेरा रंगमंचावर आला. श्रोत्याच्या मनात दुःख, हर्ष, भीती, शांती हे भाव जागे करणे हे संगीताचे कामच आहे, असे हा काळ मानत होता. म्हणूनच धर्माच्या दृष्टीने संगीत ही धोक्याची गोष्ट होती. आदल्या शतकातच झुरिकमध्ये धर्मसुधारक झ्विंग्लीने चर्चमधले संगीत बंद करून टाकले. कॅल्व्हिनने स्तोत्रांचे साधे एकसुरी गायन तेवढे राहू दिले. मार्टिन ल्यूथरने मात्र धर्मशास्त्राच्या खालोखाल मान संगीताला दिला. ज्या आयझेनाख गावी १६८५ मध्ये बाख जन्मला, त्याच गावावरच्या वार्टबुर्ग किल्ल्यात ल्यूथरने नव्या कराराचे जर्मन भाषांतर केले होते. देवाचे नाव सुरात घ्यावे की सूर देवाच्या आड येतात, हा वाद बाखच्या आधीपासून युरोपभर पेटलेला होता आणि बाख त्यातल्या एका पक्षाच्या कुशीत वाढला.

त्याच्या श्रद्धेचे पुरावे भरपूर आहेत. हस्तलिखितांच्या आरंभी तो अनेकदा येशूची मदत मागणारी दोन अक्षरे लिहितो आणि शेवटी ‘गौरव केवळ देवाचा’ या अर्थाची तीन लॅटिन अक्षरे. पण अशी अक्षरे हा रिवाजही असू शकतो. अधिक बोलका पुरावा खासगी आहे. धर्मशास्त्रज्ञ कालोव्हच्या टीपांसह छापलेले तीन खंडांचे एक बायबल बाखच्या संग्रहात होते. त्यावर त्याची सही आणि १७३३ हे वर्ष आहे. आज ते अमेरिकेत सेंट लुईसच्या एका धर्मविद्यालयात जपलेले आहे. त्याच्या समासांत बाखने स्वतःच्या हाताने नोंदी केल्या. जेरुसलेमच्या मंदिरात गायक आणि वादक एका सुरात स्तवन करतात आणि मंदिर ढगाने भरून जाते, या प्रसंगाशेजारी त्याने लिहिले आहे की जिथे भक्तिपूर्वक संगीत होते तिथे देव आपल्या कृपेसह सदैव हजर असतो. समासातली ही नोंद कुठल्या मालकाला दाखवायची नव्हती. तिचा रोख पाहण्यासारखा आहे. बाख तिथे शुद्ध सिद्धांताबद्दल बोलत नाही, संगीत होण्याबद्दल बोलतो. देवाचे येणे त्याने एका क्रियेला बांधले आहे.

यावर संशयवादी म्हणेल की हा माणूस पगारी नोकर होता. १७२३ पासून मृत्यूपर्यंत तो लायपझिगला सेंट थॉमस शाळेचा कँटर, म्हणजे संगीतप्रमुख, होता. दर रविवारी चर्चला नवे संगीत हवे असे, म्हणून त्याने ते पुरवले. सुमारे दोनशे चर्च-कॅन्टाटा आज शिल्लक आहेत. तो सोन्याच्या ताटात जेवणारा संत नव्हता, आणि झोपडीतला विरक्तही नव्हता. १७३० मध्ये बालमित्र एर्डमानला लिहिलेल्या पत्रात तो वरिष्ठांबद्दल, महागाईबद्दल तक्रार करतो आणि आदल्या वर्षी हवा निरोगी असल्यामुळे अंत्यविधी कमी झाले, त्यांची दक्षिणा बुडाली, हेही नोंदवतो. हा आक्षेप खरा आहे, पण तो माझ्या मुद्द्याला धक्का देत नाही, उलट आधार देतो. पगारासाठी जेवढे पुरेसे होते तेवढेच त्याने केले असते तर प्रश्नच नव्हता. शाळेतली मुले गाणार, तालमीला वेळ तुटपुंजा, ऐकणारे गावातलेच रविवारचे लोक. तिथे अर्ध्या गुंतागुंतीचे संगीतही चालून गेले असते. आतल्या एखाद्या आवाजातली ओळ कुणी वेगळी ऐकणार नव्हते, तरी ती ओळ स्वतंत्रपणे गाता यावी इतकी घडवलेली आहे. मागणीच्या पलीकडचे हे काम पगारातून समजत नाही. पोटासाठी केलेल्या कामात भक्ती असू शकत नाही असे मानायचे, तर मळा राखणाऱ्या सावता माळ्यापासून मडकी घडवणाऱ्या गोरा कुंभारापर्यंत आपली सारी परंपरा खोटी ठरवावी लागेल.

मग या संगीतातले धार्मिक ते कोणते आणि लौकिक ते कोणते? इथे बाखचे स्वतःचे वागणे आपल्याला चकित करते. १७३४ च्या नाताळसाठी त्याने जो ‘ख्रिसमस ऑरेटोरिओ’ सिद्ध केला, त्याच्या मोठ्या भागाचे सूर आदल्या वर्षीच्या लौकिक रचनांतून उचललेले आहेत. आरंभीचा नगारे-तुतारींचा जल्लोष मुळात एका राणीच्या वाढदिवसासाठी होता. त्याहून नवल अंगाईगीताचे. एका राजपुत्रासाठी लिहिलेल्या नाट्यरूप रचनेत हर्क्युलिस सद्गुण आणि विलास यांच्या मध्ये उभा आहे, आणि विलासाची देवता त्याला झोपवण्यासाठी, मोहात पाडण्यासाठी एक गीत गाते. तेच गीत ऑरेटोरिओत गोठ्यातल्या बाळ येशूची अंगाई झाले. सूर जवळजवळ तेच. तिथे भुरळ, इथे वात्सल्य. येशूच्या यातनांची कथा सांगणाऱ्या ‘सेंट मॅथ्यू पॅशन’मध्ये काट्यांचा मुकुट घातलेल्या मस्तकाला उद्देशून जी धून पुन्हा पुन्हा येते, तीही मुळात हान्स लिओ हास्लरने १६०१ मध्ये छापलेल्या प्रेमगीताची आहे, बाखच्या कितीतरी आधी ती प्रार्थनेच्या पुस्तकात शिरली होती. ही उसनवारी लपवाछपवीची नव्हती. सुरांना धर्माचा शिक्का नसतो हे ज्याला सर्वांत चांगले ठाऊक होते, तो माणूस स्वतः गाढ श्रद्धावान होता.

याचा अर्थ असा घ्यायचा का, की श्रद्धा फक्त शब्दांत होती आणि सूर कोरे होते? तालिनच्या अधिकाऱ्यांनी तसेच धरले असावे. पण ‘सूर कोणत्याही मताचे नसतात’ आणि ‘सुरांत काहीच नसते’ ही दोन वेगळी विधाने आहेत. १७१७ ते १७२३ बाख क्योथेनच्या दरबारी होता. तिथला अधिपती संगीतवेडा, पण दरबार कॅल्व्हिनपंथी. चर्चमध्ये भरजरी संगीताला जागा नव्हती. म्हणून त्या वर्षांत वाद्यसंगीताला बहर आला: ब्रांडेनबुर्ग कॉन्चेर्तो, ‘वेल-टेम्पर्ड क्लाविअर’चा पहिला खंड, एकट्या व्हायोलिनसाठीच्या सहा रचना. त्यातल्या दुसऱ्या पार्टिताच्या शेवटी शाकोन नावाची रचना आहे. चार मापांचा एक साधा आकृतिबंध, आणि त्यावर एकामागून एक साठांहून अधिक आवर्तने. एकच वाद्य, चार तारा, सुमारे पंधरा मिनिटे. डी मायनरमधून मध्यावर डी मेजरचा उजेड पडतो आणि तो पुन्हा मावळतो. बाखच्या पहिल्या पत्नीच्या अचानक मृत्यूशी तिला जोडणारी कथा सांगितली जाते, पण शाकोनला त्या कथेची गरज नाही. तिच्यात देवाचे नाव नाही, प्रार्थना नाही, चर्च नाही. तरीही एकाच छोट्या गोष्टीकडे परतून परतून, न कंटाळता, प्रत्येक वेळी नवे पाहणे हा जो तिचा स्वभाव आहे, तो चर्चसाठी लिहिलेल्या कॅन्टाटांच्या स्वभावाहून वेगळा काढून दाखवता येत नाही. दोन्हीकडे लक्ष देणारा माणूस एकच आहे, आणि लक्ष देण्याची रीतही एकच.

ही रीत फ्यूगमध्ये सर्वांत स्पष्ट दिसते. एक आवाज एकटाच एक छोटी ओळ म्हणतो. ती संपते न संपते तोच दुसरा आवाज वेगळ्या उंचीवरून तीच ओळ सुरू करतो, पण पहिला गप्प होत नाही. तो दुसऱ्याशी जुळेल असे काही स्वतःचे म्हणत राहतो. मग तिसरा, चौथा. कुणी नायक नाही, कुणी साथीदार नाही. प्रत्येक आवाज ज्या क्षणी महत्त्वाचे बोलतो त्याच क्षणी इतरांना जागाही देतो. नियम कडक आहेत: कोणते सूर एकत्र चालतील, विसंवाद कुठे आणावा आणि कसा सोडवावा, हे सारे ठरलेले. तरीही ऐकताना जाणवते ते मोकळेपण. नियम आणि मोकळीक यांचा हा मेळ मला या संगीताचा खरा धर्मविचार वाटतो. आपल्या ‘ऑर्गेलब्युखलाइन’ या ऑर्गनच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर बाखने दोन हेतू सांगितले: परमेश्वराचा सन्मान, आणि शेजाऱ्याला काही शिकता यावे. त्यात तिसरा हेतू नाही, स्वतःला व्यक्त करण्याचा. वर देव आणि बाजूला शेजारी, या दोघांकडे लक्ष असताना स्वतःकडे लक्ष जात नाही, आणि त्या विसरातून हे संगीत आले आहे. ‘मी’चा हा विसर सगळ्या भक्तिमार्गांना ओळखीचा आहे. फ्यूग ऐकताना श्रोत्यालाही तेच करावे लागते: एक आवाज धरला की दुसरा निसटतो, सगळे धरायचे तर स्वतःची बडबड थांबवावी लागते.

हे अवधान नुसते बुद्धीचे कसब नाही, ते माणसाला आतून हलवते. याची कसोटी ‘सेंट मॅथ्यू पॅशन’. ही रचना पहिल्यांदा बहुधा ११ एप्रिल १७२७ च्या गुड फ्रायडेला लायपझिगमध्ये झाली. दोन गायकवृंद, दोन वाद्यवृंद. येशूच्या प्रत्येक उद्गाराभोवती तंतुवाद्यांचे वलय असते. क्रुसावर ‘देवा, तू मला का टाकलेस’ या अर्थाची हाक येते तिथे मात्र ते वलय गळून पडते आणि आवाज उघडा राहतो. कुठलाही उपदेश न करता, केवळ वाद्ये थांबवून बाख एकाकीपण दाखवतो. दुसरी जागा शेवटच्या भोजनाची. तुमच्यापैकी एकजण माझा घात करील, असे येशू म्हणतो. शिष्य गोंधळून, एकमेकांवर आदळत विचारतात, प्रभू, तो मी आहे का? ‘प्रभू’ हा शब्द त्या गलक्यात अकरा वेळा येतो. बारावा, यहूदा, बोललेला नाही. आणि त्या प्रश्नावर लगेच, जणू चर्चमध्ये बसलेली मंडळीच उठून, ओळखीच्या धुनेत उत्तर देतात: तो मीच आहे. घात करणारा कथेत शोधत असलेला श्रोता अचानक स्वतःपाशी येऊन थांबतो. ज्याला येशू देव वाटत नाही त्यालाही ही जागा ऐकताना आपल्या हातून झालेला एखादा घात आठवू शकतो. इथे त्याच्यापर्यंत सौंदर्याहून अधिक काही पोचले आहे, आणि तरी त्याने कुठलेही मत स्वीकारलेले नाही.

इथे श्रद्धावानाचा आक्षेप येतो आणि तो गंभीर आहे. चौथ्या-पाचव्या शतकातल्या संत ऑगस्टीन यांनी आपल्या ‘कन्फेशन्स’च्या दहाव्या भागात हीच चिंता मांडली आहे: गायल्या जाणाऱ्या सत्यापेक्षा गाण्यानेच आपण अधिक हललो, तर ते पाप आहे. आजचा श्रद्धावान म्हणेल की श्रद्धेशिवाय पॅशन ऐकणारा मुळे सोडून फुले तोडतो. तत्त्ववेत्ता फ्रीडरिश नीत्शेचे उदाहरण तो देऊ शकेल. ल्यूथरन पाद्र्याच्या या मुलाने १८७० मध्ये बासेलला एका आठवड्यात तीनदा ही रचना ऐकली आणि मित्राला कळवले की जो ख्रिस्ती धर्म पार विसरला आहे त्यालाही इथे ती शुभवार्ता ऐकू येते. बारा वर्षांनी त्याच नीत्शेने देव मेल्याची घोषणा छापली. मग तीनदा ऐकून काय मिळाले? माझे उत्तर असे की ऐकण्याने मत बदललेच पाहिजे ही अपेक्षा चुकीची आहे. तिला मान्यता दिली तर संगीत हे प्रचाराचे साधन उरते, आणि बाखच्या सुरांनी स्वतःला तसे होऊ दिलेले नाही. पण आक्षेपातला अर्धा भाग मी स्वीकारतो. मुळे नाहीतच असे समजून ऐकणारा खरोखर कमी ऐकतो. अकरा वेळा आलेला तो शब्द कशासाठी आहे हे कळण्यासाठी बारावा कोण हे ठाऊक असावे लागते. दुसऱ्याची श्रद्धा आपली करून घेणे आणि ती समजून घेणे यांत अंतर आहे; पहिले ऐच्छिक, दुसरे आवश्यक. जपानमध्ये ख्रिस्ती लोक शेकडा एकच्या आसपास. तिथे मासाआकी सुझुकी यांनी १९९० मध्ये बाख कॉलेजियम जपान हा गायक-वादकांचा संच उभा केला आणि १९९५ ते २०१३ या काळात बाखच्या साऱ्या चर्च-कॅन्टाटा ध्वनिमुद्रित केल्या. सुझुकी स्वतः ख्रिस्ती, श्रोते बहुतांशी नाहीत. शब्द बाजूला ठेवून सोपा केलेला बाख त्यांनी लोकांना दिला नाही; जर्मन शब्दांसह, अर्थासह दिला.

शब्दांकडे लक्ष द्यायचे तर त्यांतली काजळीही पाहावी लागते. ‘सेंट जॉन पॅशन’मध्ये येशूला क्रुसावर द्या म्हणून ओरडणारा जमाव वारंवार ‘यहुदी’ या नावाने येतो, आणि बाखच्या सुरांनी तो जमाव फार जिवंत केला आहे. युरोपात या कथेच्या आधारे ज्यूंवर पिढ्यान्‌पिढ्या काय गुदरले ते माहीत असताना ते ऐकणे सोपे नाही. गोव्यातही हे विसरता येत नाही. ज्या पोर्तुगीज सत्तेबरोबर युरोपचे चर्चसंगीत इथे आले, तिच्याच हाताने देवळे पडली आणि १५६० पासून इन्क्विझिशन चालले. लायपझिगलाच १९३५ मध्ये बाखची २५० वी जयंती नाझी राजवटीने आपल्या गौरवासाठी वापरली; आणि पुढल्याच वर्षी त्याच शहरातून संगीतकार फेलिक्स मेंडेल्सोनचा पुतळा उखडला गेला. ज्यू घराण्यात जन्मून लहानपणी बाप्तिस्मा मिळालेल्या या मेंडेल्सोननेच वयाच्या विसाव्या वर्षी, ११ मार्च १८२९ रोजी, बर्लिनमध्ये ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ पुन्हा उभे केले होते. बाख जगाला परत मिळाला तो त्याच्या हातून. पुतळा पाडणाऱ्यांनी बाख ऐकला नव्हता असे नाही. तेव्हा चांगले संगीत माणसाला चांगला करते, असा भाबडा दावा मी करत नाही. अवधान ही शक्यता आहे, हमी नाही. ‘तो मीच आहे’ हे उत्तर ऐकूनही ते शेजाऱ्याला उद्देशून आहे असे समजण्याची सोय माणसाला नेहमीच असते. दोष झाकण्यासाठी हे संगीत वापरले गेले, म्हणून दोष दाखवण्याची त्याची ताकद नाहीशी होत नाही. ती वापरायची की नाही हे ऐकणाऱ्यावर राहते.

आणखी एक शंका आपल्याकडच्या रसिकाला येईल. रागसंगीतावर वाढलेल्या कानाला एकाच वेळी चालणारे चार आवाज गजबजाट वाटतात. मग या संगीताची पोच सगळ्यांपर्यंत आहे असे कसे म्हणावे? संगीत ही विश्वभाषा आहे हे वाक्य फार सैलपणे वापरले जाते. कुठलीच भाषा शिकल्याशिवाय येत नाही, आणि संगीतही. पण ती शिकता येते, याचा पुरावा जवळच आहे. गोव्याच्या गावोगावच्या चर्चशाळांतून मुलांना स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवले जाई. त्या शिक्षणातून आलेले वादक मुंबईच्या चित्रपटसृष्टीत शिरले. अँथनी गोन्साल्विस, सेबास्टियन डिसोझा यांच्यासारख्यांनी एका आवाजाच्या आपल्या गाण्याखाली दुसरी, तिसरी सुरावट लिहिली. गायिकेच्या ओळीमागे व्हायोलिनचा ताफा जेव्हा वेगळेच काही म्हणतो आणि तरी जुळतो, तेव्हा त्यात अनेक आवाजांच्या त्या जुन्या शिस्तीचा अंश असतो. बरोकचा प्रभाव टिकला तो असा, कामाच्या रीतींतून. खालचा सूर आधी लिहायचा आणि वरची भर वादकाने त्यावरून सुचेल तशी घालायची, ही त्या काळची पद्धत. आज गिटारवादक स्वरमेळांच्या खुणा पाहून वाजवतो तेव्हा तो तिच्याच जवळपासचे काही करतो. पायरी पायरीने उतरणारा शोकाचा खर्ज बरोक संगीतकार पर्सेलच्या डायडो राणीच्या विलापात आहे, तो आजच्या लोकप्रिय गाण्यांतही उतरतो आहे. ज्याला आपण परके म्हणतो त्यातले पुष्कळ आपल्या कानांत आधीच येऊन बसले आहे.

१९७७ मध्ये व्हॉयेजर याने सौरमालेबाहेरच्या वाटेला लागली, तेव्हा त्यांच्याबरोबर पृथ्वीवरच्या संगीताची एक सोनेरी तबकडी पाठवली गेली. तिच्यावर गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. बाखच्या रचना तीन आहेत: दुसऱ्या ब्रांडेनबुर्ग कॉन्चेर्तोचा पहिला भाग, एकट्या व्हायोलिनची एक गाव्होत आणि ‘वेल-टेम्पर्ड क्लाविअर’च्या दुसऱ्या खंडातले एक प्रील्यूड व फ्यूग. तिन्हींत शब्द नाहीत. ज्याने आयुष्यभर हस्तलिखितांच्या शेवटी देवाच्या गौरवाची अक्षरे लिहिली, त्याला आपण त्याच्या देवाचे नाव न घेता ताऱ्यांकडे धाडले. त्या तिन्ही रचनांतही तेच अवधान आहे, म्हणून हा बाख अपुरा नाही. पण पृथ्वीवर राहणाऱ्यांना याहून अधिक मिळू शकते. ज्या वाचकाला हे संगीत अजून अनोळखी आहे, त्याने आधी शाकोन ऐकावी, एकट्याने आणि दुसरे काही न करता. मग ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ ऐकावे, शब्दांचा अर्थ समोर ठेवून. त्यातला देव आपला नसेल तर नसू द्यावा, पण ज्याने तो इतक्या मनापासून मानला त्याच्याशी तेवढा वेळ प्रामाणिक राहावे. दुसऱ्याच्या देवासमोर, त्याला न नाकारता आणि आपलाही न म्हणता, तीन तास पूर्ण लक्ष देऊन बसता येणे, हे आजच्या दिवसांत लहान काम नाही.